शेवटचे धड कधी पाहिले?

एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला रुग्णालयात आणले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुतेक नातेवाइकांना अनपेक्षित असतो. काय झाले हे डॉक्टरांना समोर दिसतच असते. त्यांना हवी असते वेळ. हा माणूस शेवटचा धड कोणी पाहिला आणि तेव्हा किती वाजले होते? उत्तर येते, ‘सकाळी उठवाले गेलो तं असाच होता जी.’ मग दुसरा प्रश्न : रात्री झोपताना बरा होता का? रात्री उठला होता का, पाणी मागितले होते का? या उत्तरांवर पुढचा सगळा उपचार अवलंबून असतो, आणि ती देऊ शकणारा माणूस अनेकदा गाडीत बसलेलाच नसतो. तो घरी, गुरांपाशी थांबलेला असतो.

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास हा प्रश्न अधिक अवघड होतो. धान कापणीला आलेला असतो. दिवस उजाडताच घरातली धडधाकट माणसे बांधीत जातात, कापलेल्या धानाचे पुंजणे रचले जातात, आणि घरी उरतात म्हातारी माणसे आणि लहान पोरे. सकाळी सातला भाकर खाऊन खाटेवर टेकलेल्या बुढ्याकडे घरचे कोणी पुन्हा पाहते ते दुपारी किंवा दिवेलागणीला. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागते. पाहुण्यांनी घर भरते, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात, सकाळी सगळे उशिरा उठतात. जगभर पाळला जाणारा पक्षाघात (लकवा) दिन २९ ऑक्टोबरला येतो, म्हणजे साधारण याच दिवसांत.

दुखत नाही म्हणून

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. त्यामुळे रक्तपुरवठा तुटला की नुकसान मिनिटांत सुरू होते. हे दोन तऱ्हांनी घडते. बहुतेक रुग्णांत रक्ताची गुठळी मेंदूच्या धमनीत अडकते. उरलेल्यांत धमनी फुटते आणि रक्त मेंदूत पसरते. मोठी धमनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला.

एवढे नुकसान होत असताना गुठळीच्या लकव्यात रुग्णाला बहुधा काही दुखत नाही, आणि घात इथेच होतो. बांधीत कोणाला साप चावला तर गाव धावते, मोटारसायकल निघते, कोणी वेळ पाहत बसत नाही. छातीत कळ आली तरी माणूस ओरडतो. लकव्याचा रुग्ण गप्प असतो. कधी त्याला आपल्या हाताचे काही बिघडले आहे हेच कळत नाही, कारण ते कळवणारा मेंदूचा भागच बंद पडलेला असतो. तो ‘मला काही नाही झालं’ म्हणतो आणि घरचे त्याच्यावर विश्वास ठेवतात. रक्तस्रावाच्या लकव्यात मात्र अचानक, कधी न अनुभवलेली डोकेदुखी आणि उलटी होऊ शकते. पण तेही पित्त म्हणून सोडून दिले जाते.

दुसरा घोटाळा दारूचा. मोहाच्या या मुलखात तोल जाणारा आणि जीभ अडखळणारा माणूस रस्त्याकडेला दिसला, तर लोक त्याला झाडाखाली निजवतात आणि निघून जातात. मंडईच्या रात्री तर शंकाही येत नाही. खरेच प्यालेल्या माणसालाही लकवा होऊ शकतो, आणि अति मद्यपानाने त्याची शक्यता वाढते. प्यालेल्याचे दोन्ही पाय लटपटतात. लकव्यात बहुधा एकच बाजू सुटते. हा फरक पाहायला त्या माणसाजवळ बसून त्याला दोन्ही हात वर करायला सांगावे लागते. तेवढे करायला अर्धे मिनिट पुरते.

चेहरा, हात, बोली

तपासायचे ते तीन ठिकाणी. दात दाखवायला सांगायचे : ओठाचा एक कोपरा खाली राहतो का? डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर दहा सेकंद धरायला सांगायचे : एक हात हळूहळू खाली येतो का, तळवा आत वळतो का? एखादे साधे वाक्य म्हणायला सांगायचे : शब्द ओढले जातात का, भलतेच येतात का, की सांगितलेले समजतच नाही? तिन्हींपैकी एक जरी अचानक बिघडलेले दिसले, तरी लकवा समजून निघायचे. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांसाठी ही चाचणी बसवली गेली आणि पुढे ती जगभर घरोघरी शिकवली गेली. तिच्यात नंतर आणखी दोन गोष्टी जोडल्या गेल्या : अचानक तोल जाणे आणि अचानक एका किंवा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे होणे किंवा दोन दोन दिसणे. मेंदूच्या मागच्या भागातला लकवा चेहरा-हाताच्या चाचणीत निसटतो. तो या दोन खुणांनी सापडतो. या सगळ्यात वजनदार शब्द ‘अचानक’ हा आहे. महिनाभर हळूहळू वाढलेल्या हाताच्या मुंग्या वेगळ्या, आणि चहाची कपबशी धरता धरता हातातून सुटणे वेगळे.

गोंदियात बोलण्याची चाचणी घेताना एक काळजी घ्यावी लागते. या जिल्ह्यात घरात पोवारी बोलणारे आहेत, झाडीबोली बोलणारे आहेत, सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि छत्तीसगढी आहे, शहरात हिंदी आहे. सत्तरीच्या गोंड आजीला पुस्तकी मराठीतले वाक्य म्हणायला लावले, तर ती अडखळेलच. त्यावरून काही ठरवता येणार नाही. उलट, दवाखान्यातल्या परक्या माणसाला तिची बिघडलेली गोंडी ओळखू येणार नाही. वाक्य तिच्या घरच्या बोलीतले हवे आणि ऐकणारा तिला रोज ऐकणारा हवा. म्हणूनच ही चाचणी डॉक्टरांपेक्षा सून, नातू किंवा शेजारीण अधिक चांगली घेऊ शकते.

लकव्यासारखे दिसणारे दुसरे आजारही असतात. मधुमेहाची गोळी घेऊन न जेवलेल्या माणसाची साखर उतरली, तर तोही बरळतो, कधी एक बाजूही लुळी पडते. ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासावी. चेहऱ्याची नस सुजली तरी तोंड वाकडे होते, पण तेव्हा त्या बाजूचे कपाळही आक्रसत नाही आणि हात-पाय धड असतात. मात्र हा निवाडा घरी करत बसू नये. शंका खोटी ठरली तर एक फेरी वाया जाते, एवढेच.

शेजारच्या जिल्ह्याने मोजले ते

खेड्यात लकवा किती, याचे नेमके उत्तर गोंदियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या पुढाकाराने, ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण घरोघरी जाऊन शोधले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते, म्हणजे साधारण सातातला एक. मृत्यूच्या सगळ्या कारणांत लकवा पहिला निघाला. लकवा हा शहरी, सुखवस्तू माणसांचा रोग असल्याची समजूत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने मोडली. जंगलात राहणारी, अंगमेहनत करणारी, बेताचे जेवणारी माणसे त्याने मरत होती.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करतो. लकव्याने मेलेल्यांपैकी ८७ टक्के लोक घरी मेले.

गडचिरोलीचे आकडे जसेच्या तसे गोंदियावर चिकटवता येणार नाहीत. गोंदियात रेल्वे जंक्शन आहे, राइस मिलांचे शहर आहे, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण देवरी, सालेकसा आणि अर्जुनी-मोरगावचा जंगलपट्टा पाहिला, तर धान, मोह, तेंदूपाने, खर्रा आणि गुडाखू हे सगळे दोन्हीकडे सारखेच आहे.

अंगणात गेलेले तास

सालेकसा तालुक्यातले एक घर डोळ्यांसमोर आणू. घर काल्पनिक आहे. त्यात जे घडते ते या भागातल्या कोणत्याही आशा ताईला ओळखीचे वाटेल. सकाळी नऊला सासऱ्यांच्या हातातला पेला पडतो. सून म्हणते, ‘मामाजी, हात वर करा ना.’ डावा हात उठत नाही. शेजारीण येते. ‘अशक्ती आली असंन, लिंबूपानी दे.’ घोट घशात अडकतो, ठसका लागतो. नागपूरला कामावर असलेल्या मुलाला फोन जातो. तो म्हणतो, ‘मी येतो संध्याकाळी, तोपर्यंत कुठी नेऊ नको.’ मग कोणी तेल आणते, मालीश सुरू होते. कोणी लकव्याचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याचे गाव सांगते, कोणी कबुतराचे रक्त चोळायला सुचवते. दुपारी जवळच्या बाजारगावी सलाईन लावली जाते. बाटली संपेपर्यंत दोन तास. मुलगा सातला पोचतो आणि गाडी निघते.

सालेकसा ते गोंदिया हे अंतर तासा-दीड तासाचे आहे. निघण्याआधीच दहा तास गेले, त्यातले बहुतेक अंगणात.

लकव्याच्या उपचाराला उशीर झाला की रस्त्याला आणि अंतराला दोष दिला जातो. तो खोटा नाही : देवरीहून किंवा अर्जुनी-मोरगावहून जिल्ह्याचे ठिकाण सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पलीकडचे गाव तुटते. तरीही बहुतेक वेळ रस्त्यावर जात नाही. तो जातो निर्णयात, आणि निर्णय घेणारा बहुतेकदा तिथे नसतो. घरातल्या सुनेला १०८ क्रमांक माहीत असतो. २०१४ पासून महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका फुकट येते. पण घरातल्या पुरुषाला न विचारता सासऱ्याला गाडीत घालण्याची मुभा तिला नसते. म्हणून खुणांची माहिती सांगणारे भित्तिपत्रक अर्धेच काम करते. तो फोन सून करील, कोणाला विचारणार नाही, हे घरातल्या सगळ्यांनी आधी बसून ठरवले तरच ती माहिती उपयोगाची.

दुसरे आधी ठरवायचे ते ठिकाण. लकव्याच्या रुग्णाला पहिल्यांदा हवा असतो सीटी स्कॅन, आणि तो चोवीस तास चालणारा. गोंदिया शहरात कुठे, महामार्गाने जवळ पडत असेल तर दुसरीकडे कुठे, हे गावातल्या आशा ताईने किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने आधीच विचारून ठेवलेले बरे. वाटेत तीन दवाखान्यांत थांबणे म्हणजे तीन वेळा केसपेपर.

गाडी येईपर्यंत करायचे थोडे आणि न करायचे जास्त. पाणी, चहा, औषध, काहीही तोंडात घालायचे नाही, कारण गिळण्याचे स्नायू सुटलेले असतात आणि घास फुप्फुसात जातो. ॲस्पिरिन द्यायची नाही. धमनी फुटली असेल तर ती रक्तस्राव वाढवते. दाब वाढला म्हणून जिभेखाली कॅप्सूल फोडायची नाही. दाब एकदम पडला तर मेंदूचा उरलासुरला पुरवठाही जातो. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवायचे, कवळी काढायची. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे, आधार आणि रेशनकार्ड घ्यायचे. आणि गाडीत त्या माणसाला बसवायचे, ज्याने रुग्णाला शेवटचे धड पाहिले.

साडेचार तास

या धावपळीला अर्थ आला तो १९९५ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेतील चाचणीत दिसले, की गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिले, तर तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण स्पष्ट वाढते. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. पण मुदत साडेचार तासांची आहे म्हणजे चौथ्या तासाला पोचलेलेही चालते, असे नाही. पहिल्या दीड तासात औषध मिळालेल्या साधारण दर पाच जणांमागे एकाला ठळक लाभ होतो. तीन ते साडेचार तासांदरम्यान तो दर चौदा जणांमागे एकाला. औषधाला धोकाही आहे : १९९५च्या चाचणीत दर शंभरांत सुमारे सहा जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. म्हणूनच आधी स्कॅन, म्हणूनच रक्तदाब १८५/११०च्या खाली आणणे, आणि म्हणूनच वेळेविषयी खोटे न बोलणे. ‘उशीर झाला म्हणून रागावतील’ या भीतीने नातेवाईक दोन तास कमी सांगतात, आणि त्यात रुग्णाचा जीव जाऊ शकतो. मोठी धमनी बंद पडली असेल तर मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते, आणि निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंत करता येते. त्यासाठी गोंदियाहून बहुधा नागपूर गाठावे लागेल, म्हणजे पुन्हा घड्याळ.

मेंदूविकारतज्ज्ञ नसलेल्या जिल्ह्यात हे कसे जमावे? हिमाचल प्रदेशाने २०१४ मध्ये याचे एक उत्तर शोधले. सीटी स्कॅन असलेल्या जिल्हा रुग्णालयांत औषध सरकारने फुकट पुरवले. तिथला साधा फिजिशियन रुग्ण तपासतो, स्कॅनचे फोटो मोबाइलवरून शिमला किंवा टांडा येथील तज्ज्ञाला पाठवतो, फोनवर बोलून तिथेच इंजेक्शन देतो. डोंगरातल्या राज्यात हे चालले, तर सपाट, रेल्वेने जोडलेल्या गोंदियात चालायला हरकत नसावी. शिवाय आता टेनेक्टेप्लेज हे औषध पुण्यातच तयार होते आणि ते एकाच झटक्यात टोचता येते. जुन्या औषधासारखी तासभर सलाईनमधून धार लावावी लागत नाही. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी रुग्णालयाच्या नव्या इमारतीइतक्याच आग्रहाने अशी एक फोनसाखळी आणि हे औषध मागायला हवे.

आला आणि गेला

सगळ्यात मोठी संधी हातची जाते ती लकवा आपोआप बरा होतो तेव्हा. धुऱ्यावर बसलेल्या माणसाचे तोंड वाकडे होते, विळा हातातून गळतो, पंधरा मिनिटांत सगळे जागेवर येते. घरचे हात जोडतात, माणूस पुन्हा बांधीत उतरतो. गुठळी अडकून सुटलेली असते. ती जिथून आली, ती जागा मात्र तशीच असते. कॅलिफोर्नियातील सतराशेहून अधिक अशा रुग्णांच्या पाहणीत, जी २००० मध्ये प्रसिद्ध झाली, दर दहांतल्या एकाला नव्वद दिवसांत खरा लकवा झाला आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच. ऑक्सफर्डमधील २००७च्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली : अशा रुग्णांना ताबडतोब तपासून औषधे सुरू केली, तर पुढचा लकवा सुमारे ८० टक्क्यांनी टळतो. म्हणजे बरा झालेला माणूसच त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचा. कापणीच्या दिवसांत हे पटवणे किती अवघड आहे, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

सिकलसेलची पोरे

पूर्व विदर्भात लकवा म्हाताऱ्यांपुरता नाही. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. मेंदूच्या धमन्याही त्यातून सुटत नाहीत. प्रतिबंधक उपचार नव्हते त्या काळातील अमेरिकेतील पाहणीत या आजाराच्या सुमारे ११ टक्के मुलांना विशीच्या आत लकवा झाला होता. भारतातल्या सिकलसेलची जात काहीशी वेगळी आहे, म्हणून तो आकडा इथे लावता येत नाही. धोका मात्र खरा आहे. दुखणे आले की आईवडील मुलाला दवाखान्यात नेतात, पण आश्रमशाळेतला मुलगा अचानक एका हाताने लिहिणे सोडतो, एक पाय ओढू लागतो किंवा बोलताना अडतो, तेव्हा त्याला ‘आळस करतो’ म्हटले जाते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि तपासणी वाढली. तपासून हातात आलेल्या कार्डाबरोबर शाळेच्या अधीक्षकालाही या खुणा सांगितल्या गेल्या पाहिजेत. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणाऱ्या मुलांत हा धोका घटतो.

गोळी चालू ठेवणे

बत्तीस देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासाने टाळता येणाऱ्या दहा कारणांत जवळपास ९० टक्के लकवे बसवले. त्यांत पहिला, आणि बाकीच्यांच्या कितीतरी पुढे, होता उच्च रक्तदाब. त्याचीही स्वतःची खूण नसते. माणसाला काही होत नाही, म्हणून तो गोळी सोडतो. मग एक दिवस हात सुटतो.

गोंदिया ज्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला त्या भंडारा जिल्ह्यात याची एक साधी तोड करून पाहिली गेली. २०१७च्या अखेरीस देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे घेतले होते. कल्पना अशी : सगळ्या दवाखान्यांत एकच औषधक्रम, निदान महिनाभराच्या गोळ्या एकदम, घराजवळ मिळणाऱ्या, आणि जो घ्यायला आला नाही त्याची आठवण ठेवणारे कार्ड. म्हणजे गोळी चालू राहण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर न टाकता दवाखान्यानेही उचलायची.

ही साखळी तुटते ती पौषात. धान विकून झाले की पूर्व विदर्भातली अनेक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, आणि होळीच्या सुमारास परततात. या अडीच-तीन महिन्यांत गोळी संपते. परक्या गावात कागद नसतो, भाषा नसते आणि दिवसभराची मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे परवडत नाही. म्हणून मंडईच्या दिवसांत, माणसे गावात असतात तेव्हाच, तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा दाब मोजून घ्यायला हवा. निघणाऱ्यांनी उपकेंद्रातून पुरेशा गोळ्या आणि औषधाच्या नावाची चिठ्ठी मागून घ्यायला हवी. टोळी नेणाऱ्या मुकादमालाही चेहरा, हात आणि बोलीची चाचणी दाखवायला हवी. तिकडच्या रानात निर्णय घेणारा तोच असतो. १०८ क्रमांक तेलंगणातही लागतो.